ताई, सुरकुत्यांसकट

ताई, आधी बातमी सांगतो. फोटो लागला! तुझाच, तू म्हणत होतीस तोच, आणि एकाही सुरकुतीला हात न लावता. परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर, मेणबत्त्यांच्या मधोमध तू होतीस, तोंडभर हसणारी. गाल बसलेले, डोळ्यांखाली खळगे, गळ्याला झोळ. आलेली माणसं आधी दचकली आणि मग हसली. रडायची तयारी करून आलेली माणसं फोटो बघून हसली, ताई! अशी आदरांजली आपल्या वस्तीत मी तरी पाहिलेली नाही.

तू म्हणशील, या दिन्याला बहीण गेल्याचं काही वाटतं की नाही? वाटतं. सकाळी फोटो स्टुडिओचं शटर वर करताना हात अजून खिशातल्या फोनकडे जातो, कारण त्याच वेळी तुझा फोन यायचा, 'चहा झाला का गा?' म्हणून. आता चहा होतो, पण तो झाल्याचं कुणाला सांगायचं नसतं. तरी रडगाणं आज थोडं बाजूला ठेवतो, कारण मला जे सांगायचं आहे ते पोटात मावत नाहीये आणि असलं काही मी आजवर फक्त तुलाच सांगत आलोय.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. तुला आता कुठं ड्युटीवर जायचंय?

तू नर्स. सरकारी दवाखान्यात जन्म गेला, त्यामुळे सगळी वस्ती तुला 'सिस्टर' म्हणायची. भाऊजीसुद्धा पाहुण्यांसमोर 'सिस्टर, जरा पाणी आणा' म्हणायचे आणि तू डोळे वटारायचीस. नोकरी लागली, घरात दोन्ही वेळेला चूल नीट पेटायला लागली आणि तू भरत गेलीस. आपल्याकडे 'अंगानं भरली' हे कौतुक असतं. ज्यांच्या मागच्या पिढीनं पोटाला चिमटे काढले त्यांच्या घरात गुबगुबीत गाल म्हणजे दारावरचं तोरण. तुझा चेहरा तर कसा, टम्म फुगलेली पुरी. पन्नाशी ओलांडली तरी कपाळावर रेघ नाही. वॉर्डातल्या पोरी विचारायच्या, 'सिस्टर, कोणती क्रीम लावता?' आणि तू सांगायचीस, 'मटनाचा रस्सा लावते वं, आतून.'

पण गुडघ्यांनी त्या रश्श्याचा सूड घेतला. निवृत्त झालीस तेव्हा जिना चढताना दोनदा थांबायचीस, शुगर हद्दीवर येऊन उभी होती. तरी तुला त्याचं काही वाटत नव्हतं. तुला लागलं ते भलतंच. पावसाळ्याच्या तीन महिन्यांच्या वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. सगळ्या बाया सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि तू मागं, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत. तुझ्याहून वयानं मोठ्या बाया टुणकन उठायच्या, टुणकन बसायच्या. एका संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता तू म्हणालीस, 'दिनू, मी तिथी पाहुन्यासारखी बसते गा. मले खाली बसायचं आहे.'

बस, एवढंच. कंबर बारीक करायची नव्हती, कुणाला दाखवायचं नव्हतं. जमिनीवर बसायचं होतं.

आणि मग माझी शहाणी बहीण, जिनं हजार पेशंटांना पथ्य शिकवलं, ती काकडी आणि ताकावर राहायला लागली! मी म्हटलं, तू तर नर्स आहेस. तू म्हणालीस, 'म्हनूनच मले समजते.' काय समजत होतं डोंबल! वजन भराभरा उतरलं खरं, पण आधी उतरला तो चेहरा. काट्यावर फरक दिसायच्या आधी आरशात दिसला. पल्लवी दिवाळीला पुण्याहून आली, दारातच बॅग टाकली आणि तुझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तुझ्या लेकीला वाटलं, आईला काहीतरी मोठं झालंय आणि सगळे तिच्यापासून लपवताहेत.

दुसऱ्या दिवशी ती तुला रामदासपेठेत त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गाडी चालवायला मी होतो, म्हणून मलाही आत बसायला मिळालं. डॉक्टरीण पल्लवीच्याच वयाची, गोड पोरगी. तिनं तुझा चेहरा उजेडाकडे वळवला, हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाली, "काकू, चेहऱ्याची गोलाई असते ती कातडीखालच्या चरबीची. वजनाबरोबर तीही उतरते. तरुणपणी कातडी आक्रसून नव्या मापाला येते. वय झालं की तिच्यात तेवढा ताण उरत नाही. त्यात तुमची इतकी वर्षं ताणलेली, त्यात आपल्या नागपूरचं ऊन, आणि त्यात हे काकडी-ताक. अचानक म्हाताऱ्या झाला नाहीत तुम्ही. वय होतंच, ते झाकलेलं होतं."

तू लगेच म्हणालीस, "म्हनजे गादीतला कापूस काढला न खोळ तेवढीच राह्यली."

डॉक्टरीण इतकी हसली! म्हणाली, "अगदी तसंच. आता कापूस हळूहळू काढा. डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्या, थोडा व्यायाम करा, झोप घ्या, उन्हात जाताना क्रीम लावा. त्यानं पुढचं सावरेल. झालेलं सगळं भरून येईल असं मात्र मी सांगणार नाही. फारच मनाला लागत असेल तर इंजेक्शननं गाल भरता येतात."

पल्लवीचे डोळे चमकले. तू खुर्चीतून उठलीसच. "जे काढाले मी जिवाचं रान करून राहिली, ते तुम्ही सुईनं परत भरता? राहू द्या बाई. खोळ ढिली झाली तं झाली, माहीच आहे."

येताना गाडीत पल्लवी फुरंगटून खिडकीबाहेर बघत होती आणि तू मागच्या सीटवर डॉक्टरणीच्या अकलेचं कौतुक करत होतीस. त्या दिवसापासून काकडी-ताक बंद झालं आणि खरा अभ्यास सुरू झाला. भाकरी, मुगाचं वरण, उकडलेली अंडी. सकाळी मैदानाला फेऱ्या. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत धरून वर-खाली, वर-खाली. आणि ती क्रीम! तू ती हात राखून लावणारी नव्हतीसच. मैदानावर लांबून एक पांढरा चेहरा यायचा, की मी चहावाल्याला सांगायचो, आमची ताई आली, एक कमी साखर.

भाऊजींना हे काही रुचलं नाही. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळं होतं तसं वेळेवर हवं, त्यात बायकोचे गालही आले. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "लोकं म्हनतीन, म्हातारा बायकोले खाले देत नाई." तू स्वयंपाकघरातून ऐकलंस आणि ओरडलीस, "लोकाईले सांगा, ते देते, मीच खात नाई!"

इतवारीतलं आठवतं? तुझे सगळे ब्लाउज अंगावर लोंबायला लागले म्हणून आपण कापडाच्या गल्लीत गेलो. हातगाड्या चुकवत, धक्के खात तू माझ्या पुढं चाललेली, आणि मी मागून धापा टाकत. दुकानदार जुना ओळखीचा. तू कापडाचा रंग बघायला उजेडात गेलीस तसा तो माझ्या कानाशी आला. "भाऊ, सिस्टरले काही मोठं दुखनं तं नाई ना?" दया तर अशी तोंडावर, की आत्ताच पांढरं कापड फाडून देईल. तू तिथूनच म्हणालीस, "होतं न दुखनं. गेलं. त्याची ही पिशवी तेवढी राह्यली," आणि हनुवटीखालची कातडी बोटानं हलवून दाखवलीस. बिचाऱ्यानं ओशाळून चहा मागवला. तू तोही बिनसाखरेचा मागितलास.

मी वरवर हसलो, पण खरं सांगू? मलाही बघवत नव्हतं. माझा धंदाच चेहऱ्यांचा. मला कुठला चेहरा कुठं ढिला पडलाय ते बटणं दाबायच्या आधी दिसतं. तुझ्या नाकापासून ओठांच्या टोकापर्यंत दोन घड्या पडल्या होत्या, त्या मला रोज थोड्या खोल दिसायच्या.

आणि मग आषाढ पौर्णिमेचा तो दिवस. सकाळी फोन. "कॅमेरा घेऊन विहारात ये. आत्ताच. इचारू नको." पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक स्टुलावर तसंच बसवून मी स्कूटर काढली. मला वाटलं, भंतेजींचा काही कार्यक्रम असेल. आलो तर तू सतरंजीच्या मधोमध उभी, भोवती बाया, आणि सगळ्यांच्या तोंडावर काहीतरी चोरून ठेवल्याचं हसू. तू म्हणालीस, "दिनू, पाह्य." पदर खोचलास, आणि ताई, तू खाली बसलीस. हात न टेकता! मांडी घातलीस. आणि मग, पुन्हा हात न टेकता, उठलीस!

टाळ्या पडल्या. कुणीतरी 'पुन्हा, पुन्हा' म्हटलं. तू पुन्हा बसलीस, पुन्हा उठलीस. लहान पोर नवीन चपला घालून घरभर चालतं तशी तू बसत होतीस नि उठत होतीस. भंतेजी खांबापाशी उभे राहून हसत होते. कितव्यांदा तरी बसल्यावर तुला स्वतःचंच इतकं हसू आलं, की मान मागं गेली, डोळे मिटले, आणि खिडकीतला उजेड थेट तुझ्या चेहऱ्यावर पडला. मी बटण दाबलं. असा फोटो फोटोग्राफरच्या वाट्याला क्वचित येतो आणि मला तो येताक्षणी कळला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत फ्रेम करून आणला. तू चष्मा लावलास, बघितलास, उलटा करून मागं बघितलंस.

"हे कोन आहे?"

"कोन म्हनजे? तू."

"मी नाई. हे तुह्या कंप्युटरची बहीन आहे."

आमच्या धंद्यात असं आहे ताई, चेहरा स्क्रीनवर उघडला की बोटं आपोआप चालतात. डाग पूस, घडी पूस, कातडी गुळगुळीत कर. नवरी असो, निवडणुकीचा उमेदवार असो, नाहीतर वारलेले आजोबा, सगळे एकाच चाळणीतून. कुणी सांगायला लागत नाही. तुझा फोटोही गेला त्याच चाळणीतून, आणि मी काही पाप केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तू जी पेटलीस! पुढं कितीतरी दिवस, प्रत्येक चहाला, तोच वाद.

"ह्या घड्या काहून पुसल्या?"

"वय दिसते ताई त्याच्यानं."

"मंग? झालं न वय. वय न होताच गेली असती तं बरं होतं का?"

"फोटो भिंतीवर राहाते. मानूस चांगलं दिसलं पाहिजे."

"मी चांगलीच दिसून राहिली होती गा. तूच बिघडवली मले."

एकदा मी चिडून बोलून गेलो, "तुले म्हातारी पाह्यलं का मले भेव वाटते." तू बशीतले शेवटचे दोन टोस्ट माझ्या पुढ्यात सरकवलेस आणि विषय बदललास. त्या दिवशी मी अजून काही बोलायला हवं होतं, किंवा तू. दोघंही टोस्ट खात बसलो.

वर्षावासभर तू पहिल्या ओळीत बसलीस, सतरंजीवर. पावसाळा सरता सरता ताप आला. डेंग्यू. तू स्वतःच आधी ओळखलास, स्वतःच दवाखान्यात भरती झालीस, आणि सलाईन लावणाऱ्या नवीन पोरीला पट्टी कशी चिकटवायची ते शिकवलंस. मग प्लेटलेट ढासळल्या, आणि आठवडा संपायच्या आत तू नाहीशी झालीस. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि माझ्या हातात तुझा चष्मा होता. एवढंच सांगतो त्याबद्दल. बाकीचं मला अजून सांगता येत नाही.

लोकांना मात्र लगेच सांगता आलं. घरी बसायला आलेल्या बायांत कुजबुज सुरू. 'डायटिंगनं नेलं.' 'चेहराच सांगत होता.' डॉक्टरांनी भाऊजींना समोर बसवून सांगितलं होतं, वजनाचा या तापाशी काही संबंध नाही, उलट यांची शुगर, यांचं बीपी अगदी ताब्यात होतं. पण डॉक्टरचं कागदावर राहतं आणि बायांचं वस्तीभर फिरतं.

म्हणूनच फोटोवरून आपल्या घरात रण माजलं. पल्लवीला तिच्या लग्नातला हवा होता, पैठणीतला, टम्म गालांचा. भाऊजींनाही तोच. मी तुझा विहारातला, घड्यांसकटचा, पुढं केला. पल्लवी म्हणाली, "मामा, हा लावला तं लोकं म्हनतीन, पाहा, खरंच आजारी होती. माह्या आईले कोनी आयुष्यभर आजारी म्हनून आठवावं असं नाई वाटत मले." पोरीचं चूक नव्हतं. तुझा कोणता चेहरा या वस्तीत राहणार, हे त्या एका फ्रेमवर ठरणार होतं. आणि तुझी बाजू मांडायला तू नव्हतीस. तुझ्याविरुद्ध इतके दिवस भांडलेला मी, तुझा वकील झालो!

शेवटी तडजोड निघाली. फोटो विहारातलाच, पण गाल जरा भरायचे. पल्लवी स्टुडिओत माझ्या खांद्याशी खुर्ची ओढून बसली. भाऊजी दारात उभे. मी मूळ फोटो उघडला आणि कामाला लागलो. डोळ्यांखालचे खळगे भरले. "छान," पल्लवी म्हणाली. गळ्याची झोळ ओढून घेतली. "हो, असंच." गाल फुगवले. ती एकदा स्क्रीनकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. मग नाकापासून ओठांपर्यंतच्या त्या दोन घड्या. त्या मी हलक्या हातानं पुसल्या, अगदी सफाईनं, या कामात माझा हात कुणी धरणार नाही. आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघा.

पल्लवी पुढं वाकली. "मामा, आई हसत नाई आहे."

मी बघितलं. दात तेच, उघडं तोंड तेच, मागं गेलेली मान तीच. पण हसू गेलं होतं! कॅमेऱ्यासमोर कुणी 'जरा हसा' म्हटल्यावर माणूस तोंड उघडतं, तशी तू दिसत होतीस. ताई, इतकी वर्षं मी हा धंदा करतोय आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की तुझं हसू त्या घड्यांतच होतं. भरलेल्या गालांतून ते एवढं बाहेर कधी आलंच नव्हतं. लग्नातला फोटो शेजारी उघडून बघितला. सुंदर होतीस, पण हसू ओठांपुरतं, बाकी सगळं गालांनी दाबून धरलेलं.

"परत घे," पल्लवी म्हणाली.

केलेलं काम उलटं नेणारं एक बटण असतं. मी ते दाबत गेलो. डोळ्यांच्या रेघा आल्या. एक घडी आली, दुसरी आली. गाल बसले. गळ्याला झोळ आली, खळगे आले, आणि तू खदखदून हसायला लागलीस! पल्लवीनं टाळी वाजवली, खरंच वाजवली, आणि त्याच टाळीत तिला रडू फुटलं. दारातून भाऊजींचा आवाज आला, घोगरा. "हाच लावा. एवढी हसली होती, अन् मी त्या दिवशी घरी टीव्ही पाहून राहिलो होतो."

मी जिंकलो म्हणावं की हरलो? माझा वाद तर तुझ्याशी होता.

असा तो फोटो विहारात गेला. ज्या बाया 'डायटिंगनं नेलं' म्हणत होत्या त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींना सांगायला लागल्या, 'हे त्या दिवसचं आहे वं, आपुन टाळ्या वाजवल्या होत्या तेव्हाचं.' आजारी म्हणून कुणी एक शब्द काढला नाही. वंदना झाली, माणसं तुझ्याबद्दल बोलायला उभी राहिली ती बसेचनात. मला वाटलं, झालं, ताईचं काम फत्ते.

पण मी तुला जे सांगायला बसलोय ते अजून पुढंच आहे.

भोजनदान चालू होतं तेव्हा रिक्षातून गयाबाई मावशी आली. लहानपणी आपल्या भिंतीला भिंत लागून राहायची ती. आता मुलाकडे लकडगंजात असते, वस्तीत बरीच वर्षं फिरकली नव्हती. तुझा बारीक झालेला चेहरा तिनं पाहिलाच नव्हता. सुनेचा हात धरून ती फोटोसमोर गेली, फूल वाहायला हात उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"दिनू, पारबताचा फोटो कोनी काढला गा? तिनं तं कधी काढूच देला नाई."

पारबता म्हणजे आपली आई. मला वाटलं, म्हातारीची गल्लत झाली. म्हटलं, "मावशी, ही ताई आहे."

मावशी खवळली. "मले समजत नाई का? खाली नाव वाचलं मी. पन चेहरा तुह्या मायचा आहे. हे गालाचं हाड पाह्य. वठापासची ही घडी पाह्य. बिड्या वळता वळता कोनी काही बोललं का अशीच मान मागं टाकून हसे, अन् डोळे असेच मिटे तिचे. वाळली होती कामानं, पन हासे तं अशी."

ताई, माझ्या हातात वाढपाची बादली होती, ती मी खाली ठेवली.

आईचा फोटो नाही आपल्याकडे. एकही नाही. मी रांगत होतो तेव्हा ती गेली. तू शाळेत जात होतीस, तुला ती आठवायची. मला कडेवर घेऊन तूच वाढवलंस. कशी होती विचारलं की तू 'चांगली होती' म्हणायचीस आणि तुझा गोल चेहरा दुसरीकडे वळवायचीस. मी तुझ्या त्या चेहऱ्यात तिला किती शोधलं असेल. सापडणार कुठून? ती तिशीतच सुरकुतलेली बाई होती. तिच्या चेहऱ्यावर उपासानं जे केलं ते तुझ्या चेहऱ्यावर तुझ्या हट्टानं झालं, आणि खालून तेच हाड वर आलं. तुला ते आरशात दिसलं असणार. नक्की दिसलं असणार! मग सांगितलं काहून नाही? मी आपसूक ओळखेन म्हणून थांबली होतीस? मी कसा ओळखणार होतो ताई, मला तो चेहरा माहीतच नव्हता. अर्ध्या नागपूरचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे आपल्या आईचा फोटो नव्हता, आणि तो मीच काढून बसलो होतो.

मावशीला मी खुर्चीत बसवलं आणि विचारत सुटलो. उंची किती, आवाज कसा, रागावायची का. ती सांगत गेली. पल्लवी येऊन बसली, भाऊजी आले. तुझ्या कार्यक्रमात आम्ही आईबद्दल बोलत बसलो, आणि मला ते मुळीच वावगं वाटलं नाही. तुलाही वाटलं नसतं.

काल स्टुडिओ उघडला नाही. शटर आतून ओढून घेतलं आणि तो फोटो स्क्रीनभर मोठा केला. आधी तुझ्याकडे बघितलं, पोटभर, आणि थोडं रडून घेतलं. मग तिच्याकडे बघितलं. बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी शटर वाजवून गेलं, मी उठलो नाही. मी माणसांना साहेब म्हणालोय, भाऊ म्हणालोय, तुला जन्मभर ताई म्हणालोय. एक शब्द तेवढा कधी कुणाला म्हणायची वेळ आली नव्हती. तो तोंडात कसा लागतो हेही मला ठाऊक नव्हतं.

मी त्या सुरकुत्यांकडे बघत मोठ्यानं म्हटलं, "माय."